जोडा दुसऱ्याचा, टाका आपला

अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की डांबर वितळतं आणि त्यावरून चालणाऱ्या बुटांचे तळ उकलू लागतात. ‘काका, हे उकलून रायलं, पाहा बरं जरा,’ म्हणत गिऱ्हाईक एका पायावर उभं राहतं. गटई कामगार बूट हातात घेऊन अंगठ्यानं सोल दाबून पाहतो आणि आधी जुनं सोल्युशन खरवडून काढतो. नवं सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईतो वाळू द्यायचं, मगच दाबायचं, हा या कामाचा नियम. गिऱ्हाइकाला तेवढा दम नसतो. ओल्यावर दाबलेला जोड चार दिवसांत सुटतो आणि बोल मात्र कारागिराला लागतो.

म्हणून जाणता कारागीर चिकटवून थांबत नाही, कडेनं शिलाई मारतो. टोकाला आकडा असलेली आरी सोलमधून आरपार जाते, आतला दोरा आकड्यात धरून वर येते. त्या फासातून दुसरं टोक ओवायचं आणि दोन्हीकडून ताणायचं. असा टाका एका जागी तुटला तरी शेजारचा धरून राहतो. ज्या कंपनीनं तो बूट केला तिनं बहुतेकदा हा टाका घातलेला नसतो. बूट नुसता डिंकावर उभा असतो.

एक दुखणं मात्र या टाक्यालाही आवरत नाही. पॉलियुरेथेनचे सोल हवेतल्या दमटपणानं आतून सडतात. लग्नासाठी घेतलेला आणि पुढं तीन-चार वर्षं कपाटात जपलेला बूट एखाद्या समारंभात पायात घातला की त्याचा तळ भुगा होऊन गळतो. रोज वापरात असलेला बूट त्या मानानं बरा टिकतो. हे गिऱ्हाइकाला पटवून देणं कारागिराला जड जातं, कारण ‘नवाच तर आहे’ यावर त्याच्याकडं उत्तर नसतं. सडलेल्या सोलमध्ये टाका धरत नाही, सोलच बदलावा लागतो.

अमरावती आणि अकोल्याच्या चौकांत, बसस्थानकांबाहेर बसलेला हा माणूस आज बहुतेक दुसऱ्यानं केलेल्याच वस्तू सांधतो: कारखान्यातले बूट, दप्तरांच्या चेन, बॅगांचे पट्टे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनअखेर उघडतात, तेव्हा त्याची आणखी एक सुगी येते. पण हा कसबी हात मुळात दुरुस्तीचा नव्हता. गावगाड्यात चांभार बलुतेदार होता आणि वऱ्हाडात त्याचं बरंचसं काम माणसाच्या पायापेक्षा शेताशी बांधलेलं होतं. काळ्या मातीत पावसाळ्याचे चार महिने वाहाणेला किलोभर चिखल चिकटतो. शेतकरी ती काढून हातात घेई किंवा घरीच ठेवी. पण ओलिताच्या मळ्यात मोटेशिवाय पाणी नव्हतं आणि मोट म्हणजे चामडं. अंजनगाव सुर्जीकडच्या पानमळ्यांना, पानपिंपळीला विहिरीचं पाणी लागे. मोट फाटली, सोंड सुटली की मळा थांबे. शिवाय बैलांचे पट्टे, वाद्या, चाबूक. ऑइल इंजिन आलं, मागोमाग विजेचा पंप आला आणि मोट गेली. पुढं ट्रॅक्टरनं बैलांची संख्या घटवली. वऱ्हाडातल्या चामड्याच्या कामाला खरा धक्का बसला तो इथं. बाटा आणि हवाई चपलांचा धक्का त्या मानानं दुय्यम.

कापसानंही चामडं खाल्लं, पण ते चांभाराच्या हातचं नव्हतं. इथल्या जिनांत चालणाऱ्या रोलरवर चामड्याच्या चकत्या एकाला एक दाबून बसवलेल्या असतात. खरखरीत चामड्याला रुईचे धागे धरतात, समोरची पाती सरकी अडवते. हे क्रोम चामडं कारखान्यातच तयार होतं, आणि त्याची झीज क्रोमियमची धूळ होऊन कापसात व कामगाराच्या छातीत जाते, म्हणून रबराच्या रोलरवर संशोधन झालं. सांगायचं एवढंच, की पांढऱ्या सोन्याच्या प्रदेशात चामड्याची गरज मोठी होती, पण त्यातून स्थानिक कारागिराच्या नावावर एकही वस्तू उभी राहिली नाही. कोल्हापूरला चप्पल होती. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना. वऱ्हाडचा कारागीर त्या नकाशात नाही, आणि तसं पाहिलं तर तक्रारीला जागाही नाही.

सरकारनं काय केलं? 1974 साली राज्यानं चर्मोद्योग महामंडळ काढलं. पुढं त्याला संत रोहिदासांचं नाव मिळालं. त्याच्या मोजक्या उत्पादन केंद्रांपैकी एक अमरावती जिल्ह्यात दर्यापूरला आहे, मूर्तिजापूर–अचलपूर या ‘शकुंतला’ रेल्वेच्या अरुंद रुळांवरच्या गावात. बाकीची कोल्हापूर, सातारा, हिंगोलीकडं. सरकारी खात्यांना लागणारे बूट आणि चामडी वस्तू कारागिरांकडून करून घ्यायच्या, ही कल्पना चांगली होती. बांधीव मागणी असेल तरच कारागीर नवी वस्तू करायला धजावतो.

चौकातल्या माणसापर्यंत पोचली ती मात्र दुसरीच योजना. समाजकल्याण खातं अनुसूचित जातीतल्या गटई कामगाराला शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देतं. ऊन-पावसात झाडाखाली बसणाऱ्याला छप्पर मिळालं, त्याला नावं ठेवणार नाही, जरी मे महिन्यात त्या पत्र्याची भट्टी होते. पण अट अशी, की स्टॉलची जागा स्वतःची हवी किंवा ग्रामपंचायत, नगरपालिकेनं रीतसर दिलेली. ज्याच्याजवळ चौकात स्वतःची जागा आहे तो फुटपाथवर बसेल कशाला? आणि पालिकेच्या कागदाविना ठेवलेला स्टॉल हे पालिकेच्याच दप्तरी अतिक्रमण. एका खात्यानं दिलेलं छप्पर दुसऱ्या खात्यानं उचलावं, ही सोय योजनेतच शिवलेली आहे.

कच्च्या मालातही सरकारचा निर्णय आडवा आला. मार्च 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशीचं चामडं उरलं. ज्याचा व्यवसाय सोल्युशन, दोरा आणि खिळ्यांवर आला आहे त्याला ही झळ कमी लागली. दुरुस्तीवर घसरल्याचा हा एक कडवट फायदा.

मध्यंतरी प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या सोहळ्यात कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता मिरवली, ओरड झाली आणि डिसेंबर 2025 मध्ये कंपनीनं राज्याच्या याच चर्मोद्योग महामंडळाशी व कर्नाटकच्या महामंडळाशी करार केला. कोल्हापूरच्या कारागिरांचं भलं होवो. वऱ्हाडानं मात्र फॅशनकडं बघू नये असं मला वाटतं. त्याच्या दारात निराळी गरज आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायाला खिळा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते, बोटं जातात. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाचंही तेच, आणि असे रुग्ण आता गावोगाव आहेत. त्यांना लागते ती चप्पल मापानं बेतलेली: आत मऊ सूक्ष्मछिद्री रबर, खाली कडक तळ, मागं पट्टा, एकही खिळा नाही, सगळं चिकटवलेलं नाहीतर शिवलेलं. ती कारखान्याच्या साच्यातून येत नाही, कारण झडलेल्या बोटांचा पाय प्रत्येकाचा वेगळा असतो. कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं रेघ ओढायची, सुजेचा उंचवटा हातानं चाचपायचा, तिथं रबर कोरून खोलगट करायचं. चौकातल्या गटई कामगाराच्या हाताला यातलं जवळजवळ सगळं येतं. मऊ रबराची जात ओळखणं आणि डॉक्टरची चिठ्ठी वाचणं त्याला शिकवावं लागेल. दर्यापूरचं केंद्र आणि अमरावती-अकोल्याची सरकारी रुग्णालयं यांच्यात दीड-दोन तासांचंही अंतर नाही.