तीन, तीन, दोन

राहुल देव बर्मन ऊर्फ पंचमदा यांचा ‘पँटेरा’ हा अल्बम 1987 साली आला. लॅटिन रॉकच्या बाजाचं हे काम पंचमदांनी होसे फ्लोरेस या लॅटिन अमेरिकी संगीतकाराच्या जोडीने केलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या या उपक्रमामागे पीट गवाणकर होते. याच शहरातल्या सँताना बँडने 1970 मध्ये तितो पुएन्ते यांचं ‘ओये कोमो वा’ इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून लॅटिन रॉक जगभर नेलं होतं.

या संगीतावर पाय आपोआप का हलतात? आठ मात्रांत तीन ठोके शक्य तितक्या सारख्या अंतरावर बसवून पाहा. आठाला तीनने भाग जात नाही. प्रत्येकाला दोन मात्रा दिल्या की दोन उरतात, त्या वाटल्या की तीन, तीन, दोन. क्यूबाच्या संगीताचा हा पायाच. आता पायाने पहिली आणि पाचवी मात्रा धरा आणि टाळी पहिली, चौथी, सातवीवर द्या. मेंदू पाचवीची वाट पाहत असतो आणि टाळी चौथीलाच पडून जाते. अंगाला झोका मिळतो तो तिथे. मसावि काढण्याच्या युक्लिडच्या रीतीतून असे कितीतरी ठेके निघतात, हे गॉडफ्रीड तूसाँ या संगणकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये दाखवलं.

यंत्राला हा हिशेब सोपा. 1980 च्या रोलँड टीआर-808 या ठेका वाजवणाऱ्या यंत्रावर सोळा बटणं, म्हणजे सोळा मात्रा. पंचमदांच्या वाद्यवृंदातले चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये मुंबईत याच यंत्राच्या ठेक्यावर राग बसवले.

आवाजाचं गणित मात्र अवघड. ताणलेल्या गोल कातड्याचं दुसरं कंपन मूळ कंपनाच्या सुमारे 1.59 पट असतं, पूर्ण पटीत नाही. तबल्याची शाई ही कंपनं सुरात आणते, हे सी. व्ही. रामन यांनी उलगडलं. लॅटिन संगीतात हाताने वाजवतात त्या कोंगा या ढोलाला शाई नाही. त्याचा रांगडेपणा त्या बेसूर कंपनांतच आहे. 808 मधला कोंगा म्हणजे विरत जाणारं विजेचं एक गुळगुळीत आंदोलन. म्हणूनच ‘पँटेरा’सारख्या मिश्र अल्बममध्ये यंत्राशेजारी हाताने वाजणारं वाद्य हवंच, असं माझं ठाम मत आहे.

हाच फरक पाहायला लग्नाच्या वरातीतला ऑक्टोपॅड घ्या. काडी पडली की पॅडखालचा सेन्सर धक्क्याची वीज करतो, तिचा जोर 1 ते 127 मधला एक आकडा होतो आणि साठवलेला कोंगा तेवढ्या जोरात वाजतो. खऱ्या कोंग्यावर हात कडेला पडला तर वरची कंपनं उठतात, मध्यावर पडला तर खालचा घुमार. साध्या पॅडला ठोक्याचा जोर कळतो, जागा कळत नाही.