मिस्त्रीचा रकाना

‘सरकार किती देतं?’

लातूर असो की नांदेड, एमआयडीसीतल्या मालकाचा पहिला प्रश्न हाच. कारखान्यांसाठी शिकाऊ उमेदवारांचे करार पोर्टलवर भरून देणं हा माझा धंदा, त्यामुळं उत्तर तोंडपाठ आहे. २०१९च्या नियमांप्रमाणं आयटीआय झालेल्या पोराला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन. त्याचा चौथा हिस्सा केंद्राचा, पण १,५००च्या वर नाही. उरलेले ५,५०० मालकाचे. एवढं ऐकलं की शेठ चहा मागवतात. खरे किस्से चहानंतर सुरू होतात.

अठ्ठावीसचा आकडा

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा. आता तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक. त्यामुळं कुठंही विचारा, माणसं अठ्ठावीसच असतात.

एका डाळमिलच्या मस्टरवरही नेमकी अठ्ठावीस होती. मी विचारलं, ‘आणि गेटवर, झाडलोटीला, पॅकिंगला दिसतात ती?’

‘ती ठेकेदाराची.’

ती बारा होती, आणि कायदा ठेकेदाराची माणसंही मोजतो. एकूण चाळीस. त्याच्या अडीच ते पंधरा टक्के, म्हणजे कमीत कमी एक शिकाऊ, जास्तीत जास्त सहा. एका पोरासाठी एवढी लपवाछपवी चालली होती!

शेठनी मग दंड विचारला. २०१४च्या दुरुस्तीत तुरुंगवास गेला आणि दंड उरला. रिकाम्या जागेमागं पहिले तीन महिने दरमहा ५००, पुढं दरमहा १,०००. शेठनी क्षणात हिशेब केला, ‘म्हणजे पोरगं ठेवण्यापेक्षा दंड स्वस्त!’

माझ्याकडं त्याला उत्तर नव्हतं. गणित बरोबरच होतं.

पैसे गेले कुठं?

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना ऑगस्ट २०१६मध्ये आली. सुरुवातीला मालकानं पूर्ण विद्यावेतन द्यायचं आणि मग केंद्राचा वाटा पोर्टलवर मागायचा, अशी रीत होती. हजेरी चढवा, बँकेचा पुरावा जोडा, त्रुटी निघाली की पुन्हा जोडा. कित्येक मालकांनी वैतागून मागणंच सोडलं. ऑगस्ट २०२३पासून केंद्राचा वाटा थेट पोराच्या खात्यात जाऊ लागला. मालकाची कटकट संपली आणि पोराची सुरू झाली.

औसा रोडकडच्या एका पोराचं मालकाशी वाजलं. तो म्हणायचा, ‘मला ५,५००च आले.’ मालकाचं म्हणणं, ‘माझा वाटा मी दिला.’ पोर्टल सांगत होतं की बाकीचे जमा झालेत. खरं तिघंही बोलत होते. सरकारी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात, करारावर लिहिलेल्या खात्यात नव्हे. मोबाइलचं सिम घेताना दुकानदारानं पोराचा अंगठा घेऊन एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं, आधार तिथं जोडलं गेलं होतं. पोराला त्या खात्याचा पत्ताच नव्हता. पाच महिन्यांचे पैसे तिथं निवांत पडलेले. तेव्हापासून करार भरताना मी पहिल्यांदा आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघतो, मार्कलिस्ट नंतर.

खरी बचत

मालकांना १,५००चं फार कौतुक नसतं. त्यांचा डोळा दुसरीकडं असतो. कायद्याच्या अठराव्या कलमाप्रमाणं शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. त्याला पीएफ नाही, ईएसआय नाही. काही ठिकाणी यामुळंच फिटरचं पोरगं वर्षभर पोती शिवत बसतं आणि पाना हातात न धरता बाहेर पडतं. अशा मालकाला मी सोळावं कलम वाचून दाखवतो. पोराला कामावर इजा झाली तर कामगाराप्रमाणंच नुकसानभरपाई द्यावी लागते. मग पोत्यांचा विषय जरा बदलतो.

पोरंही काही भोळी नसतात. त्यांची पहिली पसंती एसटीची विभागीय कार्यशाळा, मग महावितरण, मग रेल्वे. रेल्वेत शिकलेल्यांना तळच्या भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. लातूरला हरंगुळात कोच फॅक्टरी उभी राहिल्यापासून तर प्रत्येक वेल्डरचे डोळे तिकडं. डाळमिल आणि ऑइल मिलच्या वाट्याला उरलेले येतात.

फुकटचा भाऊ

२०२४मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटलं. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००, सगळे सरकारचे. नांदेडच्या एका मालकानं माझी फाइल बाजूला सारली, ‘ह्यात माझा रुपया नाही, मग तुमचं लफडं कशाला?’

मुदत सहा महिन्यांची होती, पुढं पाचानं वाढली. मुदत संपल्यावर पोरांच्या हाती आलं अनुभवाचं प्रमाणपत्र आणि ‘आम्हाला कायम करा’ ही घोषणा. शिकाऊ उमेदवारीत मात्र नेमलेल्या व्यवसायाच्या प्रशिक्षणाच्या शेवटी अखिल भारतीय परीक्षा असते. तिचा कागद पुण्याच्या कंपनीतही चालतो. मालकाला हा फरक कळायला दुसरा हंगाम लागला, कारण फुकटच्या पोरांना शिकवायची कुणालाच गरज वाटली नव्हती.

आणि शिकवणारा?

सगळा घोळ तिथंच आहे. केंद्राच्या योजनेत मालकाचा वाटा आहे, पोराचा आहे, नवख्यांना मूलभूत प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेलाही ५०० तासांचे ७,५००पर्यंत होते. मशीनजवळ उभं राहून शिकवणाऱ्या मिस्त्रीला मात्र कुठल्याही रकान्यात रुपया नाही. अकराव्या कलमाला तो आठवतो, प्रशिक्षण जाणकार माणसाच्या हाताखाली हवं म्हणून. पैशाच्या तक्त्याला आठवत नाही.

एका डाळमिलचे जुने मिस्त्री मला तोंडावर म्हणाले होते, ‘मी कशाला शिकवू? ह्येच उद्या माझ्या जागंवर बसंल.’ नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलं ते सांगणारा माणूस. पोरगं जवळ आलं की ते पान्याची पेटी बंद करायचे.

मी त्या मिलच्या शेठना सुचवलं की शिकाऊमागं महिन्याला हजार रुपये मिस्त्रींच्या पगारात वाढवा, आणि पोरगं परीक्षेत पास झालं तर वर बक्षीस. शेठ आठवडाभर कुरकुरले. बाहेरून मेकॅनिक बोलावला की एका दिवसाचं बिल किती होतं, ते त्यांच्याच वहीतून दाखवल्यावर कबूल झाले.

परीक्षेच्या आधी मिस्त्रींचाच फोन आला. ‘साहेब, पोरगं रोलर खोलतंय, पण बसवताना चुकतंय. रोज दोन तास जास्त थांबवून घेतो.’

मी नियम सांगितला की शिकाऊला जादा वेळ थांबवायचं तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते, नाहीतर मालक अडचणीत येतो.

‘ही काय रीत झाली?’ मिस्त्री भडकले. ‘पोती उचलायला लावली तर कुणी बघत नव्हतं. आता शिकवायला बी परवानगी लागती व्हय?’

दुसऱ्या दिवशी मी परवानगीचा अर्ज टाईप करायला घेतला.