इंजिन बदललेल्या अभिजात मोटारीतील वातानुकूलन

इंजिन बदललेल्या अभिजात मोटारीतील वातानुकूलन म्हणजे मूळ इंजिनाच्या जागी दुसरे, बहुधा अधिक आधुनिक व शक्तिशाली इंजिन बसवलेल्या जुन्या मोटारीत नव्याने जोडलेली, हवा थंड करणारी यंत्रणा होय. अमेरिकेत हॉट रॉड आणि रेस्टोमॉड या प्रकारांच्या मोटारींमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर केले जाते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीत इंजिन, रेडिएटर, विद्युतयंत्रणा आणि वातानुकूलन यांची रचना एकमेकांचा विचार करून केलेली असते. इंजिन बदलले की हा मेळ मोडतो. कॉम्प्रेसर नव्या इंजिनाशी, इव्हॅपोरेटर जुन्या बॉडीशी आणि कंडेन्सर रेडिएटरच्या क्षमतेशी जुळवून घ्यावा लागतो. हे न साधल्यास आतील हवा पुरेशी थंड होत नाही, शिवाय इंजिन प्रमाणाबाहेर तापण्याचा धोका निर्माण होतो.

पार्श्वभूमी

मोटारीत कारखान्यातच वातानुकूलन बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेतील पॅकार्ड या कंपनीने १९४० च्या मॉडेलपासून केली. त्या यंत्रणेचा मोठा भाग डिकीत असे. कॉम्प्रेसरला क्लच नसल्याने यंत्रणा बंद करण्यासाठी इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५३ मध्ये, कॅडिलॅक, क्रायसलर इत्यादी उत्पादकांनी ही सोय पुन्हा उपलब्ध करून दिली. १९५४ मध्ये नॅश कंपनीने तापवणे व थंड करणे या दोन्ही यंत्रणा पुढच्या भागात एकत्र बसवल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या मोटारी वातानुकूलित होत्या. त्यापूर्वीच्या बहुसंख्य मोटारींत मात्र वातानुकूलन नव्हते.

जुन्या मोटारींसाठी तयार वातानुकूलन संच बनवणारा स्वतंत्र उद्योग पुढे उभा राहिला. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली व्हिंटेज एअर ही या क्षेत्रातील एक प्रमुख कंपनी आहे.

कार्यतत्त्व

मोटारीतील वातानुकूलन बाष्प-संपीडन चक्रावर चालते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर रेफ्रिजरंटची वाफ दाबून तिचे तापमान व दाब वाढवतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ही वाफ उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होते. रिसीव्हर-ड्रायरमध्ये ओलावा शोषला गेल्यावर द्रव एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून जातो. तेथे त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डखालील इव्हॅपोरेटरमध्ये तो प्रवासी कक्षातील हवेची उष्णता शोषून पुन्हा वाफ होतो. आर-१३४ए या रेफ्रिजरंटचा संपृक्त दाब ०° सेल्सियसला सुमारे २.९ बार, तर ५५° सेल्सियसला सुमारे १५ बार असतो. या दोन दाबांमधील अंतर राखण्यासाठी कॉम्प्रेसरला इंजिनाकडून शक्ती घ्यावी लागते.

कंडेन्सरने बाहेर टाकलेल्या उष्णतेत प्रवासी कक्षातून आलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने केलेल्या कार्यामुळे निर्माण झालेली उष्णता या दोहोंचा समावेश असतो. ही सर्व उष्णता रेडिएटरकडे जाणाऱ्या हवेत मिसळते.

कॉम्प्रेसरची जागा

नव्या इंजिनासोबत आलेला कॉम्प्रेसर जुन्या चेसिसमध्ये मावेलच असे नाही. जनरल मोटर्सचे एलएस मालिकेतील व्ही-८ इंजिन हे याचे परिचित उदाहरण आहे. १९९७ च्या कॉर्व्हेट मॉडेलसोबत आलेले हे इंजिन आकाराने आटोपशीर असल्याने इंजिन बदलण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्याच्या मूळ मांडणीत कॉम्प्रेसर उजव्या बाजूला खाली असतो. १९६० च्या दशकातील अनेक मोटारींत नेमक्या त्याच जागी चेसिसचा रूळ किंवा सबफ्रेम येते. अशा वेळी चेसिसला खाच पाडणे किंवा वेगळ्या ब्रॅकेटच्या साहाय्याने कॉम्प्रेसर वर बसवणे, असे दोन पर्याय उरतात. खाच पाडल्याने चेसिस कमकुवत होत असल्यामुळे तेथे मजबुतीकरण करावे लागते. म्हणून दुसरा पर्याय सामान्यतः श्रेयस्कर मानला जातो.

वर बसवण्यासाठी लहान आकाराचे कॉम्प्रेसर वापरतात. जपानच्या सँडेन कंपनीचे पाच सिलिंडरांचे १३८ घन सेंटिमीटर क्षमतेचे एसडी-५०८ आणि सात सिलिंडरांचे १५५ घन सेंटिमीटर क्षमतेचे एसडी-७एच१५ हे प्रकार विशेष प्रचलित आहेत. एलएस इंजिनांतही कॉर्व्हेट, कमॅरो आणि ट्रक यांच्या पुल्या इंजिनापासून निरनिराळ्या अंतरावर असतात. कॉम्प्रेसरची पुली इतर पुल्यांच्या रेषेत नसल्यास पट्टा आवाज करतो, झिजतो किंवा निसटतो.

कंडेन्सर, रेडिएटर आणि पंखे

यंत्रणेचे यश बहुतांशी कंडेन्सरमधून जाणाऱ्या हवेवर अवलंबून असते. मोटार वेगात असताना पुरेशी हवा आपोआप मिळते; वाहतूक कोंडीत मात्र ती केवळ पंख्यांमुळे मिळते. मूळ चार सिलिंडरांच्या इंजिनासाठी बनवलेला रेडिएटर व्ही-८ इंजिनाची उष्णता आधीच जेमतेम हाताळत असेल, तर वातानुकूलन सुरू होताच तो अपुरा पडतो. म्हणून कंडेन्सर बसवण्यापूर्वी इंजिनाची शीतन यंत्रणा उन्हाळ्यात, मंद गतीवर पुरेशी ठरते की नाही हे तपासले जाते.

इंजिन बदलताना त्यावर चालणारा यांत्रिक पंखा अनेकदा निघून जातो व त्याजागी विजेचे पंखे येतात. हे पंखे रेडिएटरच्या मागे, संपूर्ण गाभा झाकणाऱ्या आच्छादनासह बसवल्यास अधिक परिणामकारक ठरतात. कंडेन्सर व रेडिएटर यांच्या कडांमधील फटी बंद करणे हा स्वस्त पण महत्त्वाचा उपाय आहे. अन्यथा रेडिएटरमागची तप्त हवा पुन्हा पुढे येऊन तीच हवा फिरत राहते. आर-१३४ए साठी जुन्या नळी-पाती रचनेपेक्षा समांतर प्रवाहाचा कंडेन्सर अधिक कार्यक्षम असतो.

इव्हॅपोरेटर आणि प्रवासी कक्ष

डॅशबोर्डखालील जागा, वायपरची मोटर, हातमोज्यांचा कप्पा आणि हवेच्या नलिका यांनुसार इव्हॅपोरेटरची पेटी निवडावी लागते. तयार संचांमध्ये थंड हवा, गरम हवा व काचेवरील धुके घालवणे ही कामे एकाच पेटीत होतात. इव्हॅपोरेटरवर जमणारे पाणी बाहेर जाण्यासाठी नळी पेटीपासून उताराने काढणे आवश्यक असते.

जुन्या मोटारींत उष्णतारोधन नसल्यासारखेच असते. शक्तिशाली इंजिनाच्या एक्झॉस्टमुळे फरशी व फायरवॉल तापतात. त्यामुळे फायरवॉलची जुनी छिद्रे बुजवणे, दारांचे रबर बदलणे आणि फरशीखाली उष्णतारोधक थर देणे ही कामेही सोबत केली जातात. यामुळे यंत्रणेवरील भार प्रत्यक्षात कमी होतो.

विद्युत नियंत्रण

कॉम्प्रेसरचा विद्युतचुंबकीय क्लच, पंखे व ब्लोअर यांमुळे विजेची मागणी वाढते. म्हणून ६ व्होल्टची यंत्रणा असलेल्या मोटारींत १२ व्होल्टची यंत्रणा आणि पुरेशा क्षमतेचा अल्टरनेटर बसवला जातो. कमी दाबावर, म्हणजे रेफ्रिजरंट गळून गेल्यास, तसेच अति दाबावर कॉम्प्रेसर बंद करणारा दाब-स्विच सुरक्षिततेसाठी अनिवार्य समजला जातो. इव्हॅपोरेटरवर बर्फ साचू नये यासाठी वेगळा तापमान-स्विच असतो.

कार्ब्युरेटरच्या इंजिनात कॉम्प्रेसर सुरू होताच मंद गती घसरते; ती सावरण्यासाठी सोलेनॉइड लावतात. संगणक-नियंत्रित इंजिनात वातानुकूलनाची मागणी इंजिनाच्या संगणकापर्यंत पोचवल्यास तो आधी मंद गती वाढवून मग क्लच जोडतो आणि पूर्ण वेगवृद्धीच्या वेळी तो तात्पुरता सोडवतो. ही जोडणी वगळल्यास चौकात थांबलेली मोटार बंद पडू शकते.

रेफ्रिजरंट आणि तेल

जुन्या मोटारींतील आर-१२ हा ओझोन थराला घातक असलेला क्लोरोफ्लुओरोकार्बन आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबला. अमेरिकेत नव्या मोटारींत १९९४ च्या मॉडेलपर्यंत त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. आर-१३४ए ओझोनला घातक नसला, तरी त्याची जागतिक तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. त्यामुळे तो हवेत सोडून देण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी आहे. तेथे आर-१२ च्या यंत्रणेत ज्वलनशील हायड्रोकार्बन भरण्यासही मनाई आहे, कारण इव्हॅपोरेटर गळल्यास वायू थेट प्रवासी कक्षात शिरतो.

आर-१२ सोबत खनिज तेल वापरले जात असे. ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. त्यामुळे कॉम्प्रेसरपर्यंत तेल परत येत नाही व तो जाम होतो. यंत्रणेचे जुने भाग ठेवायचे असल्यास ते आतून धुवून, कॉम्प्रेसरला योग्य असे पॅग किंवा एस्टर तेल भरावे लागते. होजसुद्धा रेफ्रिजरंट झिरपू न देणारे वापरतात.

सर्व जोडण्या झाल्यावर व्हॅक्यूम पंपाने यंत्रणा निर्वात केली जाते. यामुळे हवा व ओलावा निघून जातो आणि निर्वात टिकतो की नाही यावरून गळतीचा अंदाज येतो. रेफ्रिजरंट वजन करूनच भरला जातो. मूळ मोटारीच्या पुस्तिकेतील वजन येथे लागू होत नाही, कारण कंडेन्सर, नळ्या व इव्हॅपोरेटर बदललेले असतात. जादा भरल्यास उच्च दाब वाढतो आणि थंडावा उलट कमी होतो.

विजेवर चालणाऱ्या रूपांतरित मोटारी

इंजिनाऐवजी विद्युत मोटर बसवलेल्या अभिजात मोटारीत पट्टा नसतो. तेथे उच्च व्होल्टवर चालणारा स्क्रोल कॉम्प्रेसर वापरतात. त्यात विद्युतरोधक गुणधर्म असलेले एस्टर तेलच चालते. नेहमीचे पॅग तेल पडल्यास विद्युतरोधन बिघडण्याचा धोका असतो.

मौलिकता आणि कायदेशीर बाजू

संग्राहकांच्या दृष्टीने मूळ डॅशबोर्ड कापणे किंवा फायरवॉलला नवी छिद्रे पाडणे ही परत न फिरवता येणारी हानी असते. म्हणून मूळ छिद्रांचाच उपयोग करणे, जुनी नियंत्रणे नव्या यंत्रणेला जोडणे आणि काढलेले भाग जपून ठेवणे अशी पद्धत रूढ आहे.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. मात्र वाहन मूळ स्वरूपात असणे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसणे ही त्यासाठीची अट आहे. त्यामुळे भारतात अशा मोटारीबाबत वातानुकूलनाच्या आधी इंजिनबदलाचाच प्रश्न उपस्थित होतो.

हे सुद्धा पहा

वातानुकूलन
रेडिएटर
माँट्रियल करार
हॉट रॉड