मोठ्या माणसांमध्ये ग्रोथ हार्मोनची कमतरता: लक्षणे, तपासणी आणि उपचार

ग्रोथ हार्मोन म्हटले की मुलांची उंची आठवते. पण उंची वाढायची थांबल्यावरही मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हे हार्मोन तयार करत असते. स्नायू, हाडे आणि चरबीचे प्रमाण नीट राहण्यासाठी ते लागते.

कारणे
पिट्युटरीतील गाठ, तिचे ऑपरेशन किंवा डोक्याला दिलेले रेडिएशन ही मुख्य कारणे. डोक्याला जबर मार लागूनही असे होते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्यास ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून तिला इजा होते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा बाईला अंगावरचे दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, थकवा जात नाही. घरचे 'अशक्तपणा आहे' म्हणतात आणि वर्षे निघून जातात. बाळंतपणाची ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा.

लक्षणे
सतत थकवा, पोटावर वाढणारी चरबी, ताकद कमी होणे, हाडे ठिसूळ होणे, उदास वाटणे. थायरॉइडचा आजार किंवा रक्त कमी असतानाही असेच होते. म्हणून नुसत्या लक्षणांवरून निदान करता येत नाही.

तपासणी
या हार्मोनची पातळी दिवसभर वरखाली होत असल्याने ते एकदा तपासून उपयोग नसतो. आयजीएफ-१ ही रक्त तपासणी, पिट्युटरीचा एमआरआय आणि गरजेनुसार हॉस्पिटलमध्ये इन्सुलिन किंवा ग्लुकागॉन देऊन केलेली चाचणी यांवरून निदान होते.

उपचार
आधी कॉर्टिसॉल आणि थायरॉइडची कमतरता भरून काढावी लागते, त्यातही कॉर्टिसॉल पहिले. हा क्रम चुकला तर जिवावर बेतू शकते. त्यानंतर ग्रोथ हार्मोनचे इंजेक्शन, बहुधा रोज रात्री, त्वचेखाली घेतात. डोस साधारण ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमपासून सुरू करून आयजीएफ-१ पाहून बदलतात. वयस्करांना कमी लागतो. सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या किंवा साखर वाढणे असे त्रास झाल्यास डॉक्टरांना कळवा. कॅन्सर सुरू असताना हे इंजेक्शन देत नाहीत. औषध महाग आहे आणि प्रत्येकाला लागतेच असे नाही. मात्र कॉर्टिसॉलसाठी दिलेली स्टेरॉइडची गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका. ताप किंवा उलट्या झाल्यास लगेच डॉक्टरांना गाठा.

शरीर कमावण्यासाठी किंवा तरुण दिसण्यासाठी हे इंजेक्शन घेऊ नका. याने मोठ्यांची उंचीही वाढत नाही. निदान आणि डोस एंडोक्रायनॉलॉजिस्टकडूनच ठरवून घ्या.