शेवटची नव्हे, पहिली चूक वाचा

‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च यांचे उच्चार मराठीत वेगळे आहेत, लिपीत मात्र दोहोंना एकच अक्षर आहे. इंदूर-बडोद्याच्या घरांतील मराठीत हा भेद किती टिकला आहे, हे केवळ कानावर न विसंबता तपासायचे तर ध्वनिमुद्रणाचे विश्लेषण करावे लागते. त्यासाठी ध्वनिविज्ञानाचे अभ्यासक ‘प्राट’ ही आज्ञावली वापरतात. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ती तयार केली. ती विनामूल्य आहे आणि तिचा सोर्स कोडही खुला आहे.

प्राट तयार स्वरूपात मिळते. पण संगणकावर जुने लिनक्स असेल, तर तयार प्रत ‘जीलिबसी’ या मूलभूत लायब्ररीची नवी आवृत्ती मागू शकते आणि सुरूच होत नाही. मग सोर्स कोड उतरवून, ‘मेक’ ही आज्ञा देऊन, ती त्याच संगणकावर कंपाइल करावी लागते. पडद्यावरून शेकडो ओळी सरकतात, शेवटी ‘एरर 2’ असे दिसते आणि ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून अभ्यासच बाजूला पडतो.

वास्तविक त्या शेवटच्या ओळीत कारण नसतेच. एक ‘मेक’ आतल्या फोल्डरचे काम दुसऱ्या ‘मेक’वर सोपवते, आतले फसले की बाहेरचे फक्त ‘फसले’ एवढेच कळवते. म्हणून वर जावे आणि ‘एरर’ हा शब्द जिथे प्रथम आला ती ओळ वाचावी. वेगासाठी अनेक कामे एकदम चालवली असतील तर संदेश एकमेकांत मिसळतात. अशा वेळी ‘मेक’ पुन्हा साधेपणाने चालवावे.

ती ओळ बहुधा पुढीलपैकी एका प्रकारची असते.

1. ‘जीटीके.एच : नो सच फाइल’. खिडक्या आणि बटणे दाखवणाऱ्या जीटीके लायब्ररीची हेडर फाइल सापडलेली नाही. ‘जीटीके तर आहेच!’ असे आपण म्हणतो. पण उबुंटू आणि डेबियनमध्ये लायब्ररी वापरण्याचे पॅकेज वेगळे आणि तिच्या आधारे कंपाइल करण्याचे वेगळे असते. दुसऱ्याच्या नावाअखेर ‘डेव्ह’ असते, ते बसवावे.

2. ‘अनडिफाइंड रेफरन्स’. कंपायलरचे काम झाले, लिंकरचे अडले. फंक्शनची घोषणा मिळाली, पण ते ज्या लायब्ररीत आहे ती जोडलेली नाही. आपल्या यंत्रणेसाठीची योग्य मेकफाइल निवडली आहे का, हे आधी पाहावे.

3. ‘अनरेकग्नाइज्ड ऑप्शन’. कंपायलर जुना आहे. त्याला सी++चे नवे मानक ठाऊक नाही. नवा कंपायलर बसवावा किंवा प्राटची जुनी आवृत्ती घ्यावी.

4. ‘किल्ड’. बहुधा स्मृती अपुरी पडली. एका वेळी एकच काम चालवावे.

दुरुस्तीनंतर ‘मेक क्लीन’ देऊन जुने अर्धवट तुकडे पुसावेत, नाहीतर तेच पुन्हा जोडले जातात. एका वेळी एकच बदल करावा. मदत मागताना केवळ शेवटची ओळ न देता दिलेली आज्ञा, लिनक्सची आवृत्ती आणि पहिली चूक कळवावी.

यात प्रोग्रॅमिंग कुठेच नाही. उताऱ्यातील कळीचे वाक्य कोणते, हे आपण वर्गात रोज शिकवतो. तेच इथेही करायचे आहे.