उन्हाळी कामात शरीराचा तोल : पाणी, मीठ आणि सावली



चैत्र-वैशाखात वावरातली कामं काही थांबत नाहीत. पऱ्हाटीची धसकटं वेचायची असतात, शेणखत पसरायचं असतं, नांगरट-वखरणी असते. ओलिताची सोय असेल तर मे अखेरीस कपाशीही टोबायची असते. वरवट बकाल, संग्रामपूर, शेगाव, जळगाव जामोद या आपल्या भागात तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर जातो. बाहेर अशी आग असते, तरी निरोगी माणसाच्या जिभेखाली थर्मामीटर धरला तर तो ३७ अंशांच्या (म्हणजे ९८.६ फॅरनहाइटच्या) आसपासच दाखवतो. पौषात रात्री गव्हाला पाणी देताना दात वाजतात, तेव्हाही अंगातली उष्णता जवळपास तेवढीच राहते.

हा तोल शरीर आपोआप राखते. पण फुकटात राखत नाही. त्यासाठी ते तुमच्या अंगातले पाणी आणि मीठ खर्च करते. हा खर्च भरून निघाला नाही, तर धडधाकट गडीही तासाभरात वावरात कोसळतो. म्हणून हे काम कसे चालते ते समजून घेणे जरुरीचे आहे.

कासरा कोणाच्या हातात?

गाडीवान कासरा कधी इकडे ओढतो, कधी तिकडे, म्हणून गाडी चाकोरीत राहते. शरीराचेही तसेच आहे. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, त्याच्या हातात उष्णतेचा आणि पाण्याचा कासरा असतो. अंग तापले की तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो आणि घाम सोडतो. अंग गार पडले की त्या वाहिन्या आवळतो आणि स्नायूंना थरथरायला लावतो. थंडीतली हुडहुडी म्हणजे शरीराने उष्णता तयार करण्यासाठी चालवलेली मेहनतच होय.

उष्णतेप्रमाणेच रक्तातले पाणी, मीठ आणि साखर हीसुद्धा ठरलेल्या मर्यादेत राखली जातात. शरीराच्या आतली ही स्थिती कायम राहते म्हणून आपण बाहेरच्या बदलत्या हवेत जगू शकतो, हा विचार फ्रान्सचे शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १९ व्या शतकात मांडला. अमेरिकेचे वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. मराठीत त्याला समस्थिती म्हणतात.

घाम म्हणजे अशक्तपणा नव्हे

कुदळ मारताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन अंगातच साठतो. हवा थंड असली तर ही उष्णता कातडीवाटे हवेत निघून जाते. पण हवाच ३७ अंशांपेक्षा जास्त तापली तर उलटे होते. हवेतली उष्णता अंगात शिरू लागते. मग शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम.

रांजणातले पाणी पाझरते, बाहेर उडून जाते आणि आतले पाणी गार होते, तेच इथे घडते. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हशीला घाम फार कमी येतो, म्हणून ती डबक्यात बसते. कुत्रे जीभ काढून धापा टाकते. माणसाला घाम आहे, म्हणून तो उन्हात काम करू शकतो. तेव्हा घाम आला की ताकद गेली, असे समजू नये.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, उष्ण झळा वाहत असतात तेव्हा घाम दिसण्याआधीच वाळतो. अंग कोरडे दिसते आणि आपण म्हणतो, मला काही घाम आला नाही. सदऱ्यावर पांढरे चट्टे उमटले असतील, तर ते घामातले मीठ आहे हे ओळखावे. दुसरी, जूनमध्ये पावसाआधी उकाडा असतो, हवा दमट असते. तेव्हा घाम नुसता निथळतो, वाळत नाही. निथळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. म्हणून पारा ३८ असला तरी हे दिवस धोक्याचे असतात.

उपसा आणि भरणा

साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३५ लिटर पाणी असते. उन्हात जड काम करताना तासाला एक लिटर, कधी त्याहूनही जास्त घाम जातो. विहिरीचा उपसा झऱ्यापेक्षा जास्त झाला तर पाणी तळाला जाते, हे आपल्याला सांगायला नको.

तहान लागेपर्यंत वाट पाहू नये. तहान लागते तेव्हा शरीराने वजनाच्या शेकडा एक ते दोन भाग पाणी गमावलेले असते, म्हणजे साठ किलोच्या माणसाने अर्धा ते सव्वा लिटर. काम सुरू असताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. पण एकदम घागरभर पिऊ नये, आणि तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पिऊ नये. खूप घाम गेल्यावर नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. पाण्याबरोबर भाकर, ताक, मीठ घातलेले लिंबूपाणी, कैरीचे पन्हे पोटात गेले तर मिठाचीही भरपाई होते.

खरी परीक्षा लघवीच्या रंगावरून करावी. ती फिकट असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळी आणि थोडी होत असेल, तर मूत्रपिंडे पाणी वाचवू लागली आहेत असे समजून लगेच सावलीत बसावे आणि पाणी प्यावे.

इथे घरधन्यांना एक सांगणे आहे. निंदणीला, वेचणीला येणाऱ्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. कारण वावरात आडोसा नसतो. चार काठ्या आणि एक ताडपत्री लावून धुऱ्याजवळ आडोसा करून द्या. त्याला खर्च फारसा येत नाही, आणि कितीक बायांचा मूतखड्याचा, लघवीच्या जळजळीचा त्रास वाचेल.

खारपाण पट्टा आणि मूत्रपिंडे

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात सोडतात. लघवीवाटे जाते ते फक्त दीडेक लिटर. कोणते मीठ ठेवायचे आणि कोणते टाकायचे हा हिशेब तीच करतात.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात विहिरी आणि बोअरचे पाणी खारट असते, आणि आपल्या भागातल्या अनेक घरांनी मूत्रपिंडाचा आजार जवळून पाहिला आहे. खारट पाणी प्यायले की त्यातले जादा मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पुन्हा पाणीच खर्चावे लागते. त्यामुळे पाणी जेवढे खारट, तेवढी तहान कमी भागते. हे पाणी उकळल्याने, तुरटी फिरवल्याने किंवा फडक्याने गाळल्याने गोडे होत नाही. ज्यांच्या गावात वान धरणाच्या योजनेचे गोडे पाणी येते, त्यांनी वावरात जातानाही तेच पाणी छागलीत, कॅनमध्ये भरून न्यावे. खारे पाणी भांड्याधुण्याला ठेवावे.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्व्हाडोर या देशांत ऊसतोडणी करणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे मोठ्या संख्येने निकामी झाली. त्यांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब. कडक उन्हातले जड काम आणि रोज रोज अंगातले पाणी आटणे हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. तिथे मग पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी कामाच्या वेळापत्रकातच घातल्या गेल्या. आपणही घालू शकतो.

आणखी एक धोका आपल्याच खिशात असतो. अंग दुखले की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या सर्रास घेतल्या जातात. अंगातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीला दुखत नाही. म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

मीठ-साखरेचे पाणी

१९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आतड्यात मीठ आणि साखर जोडीने शोषली जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते, हे त्यातले मर्म आहे. दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी म्हणजे हेच औषध. पुडी नसेल तर घरी असे करावे : एक लिटर स्वच्छ गोडे पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झाले आहे, ते टाकून द्यावे. खाऱ्या विहिरीच्या पाण्यात हे द्रावण करू नये. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मीठ व पाणी किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

तोल सुटला तर

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे ही पहिली सूचना समजावी. काम तिथेच थांबवून सावलीत यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. अंगातली उष्णता तेव्हा ४० अंशांवर गेलेली असते. घाम बंद होतो, पण कामात कोसळलेल्या माणसाला घाम असूही शकतो.

अशा वेळी १०८ वर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत नुसते पाहत बसू नये. माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतत राहावे आणि दुपट्ट्याने जोरात वारा घालावा. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कुशीवर निजवावे. तापाची गोळी देऊन उपयोग नाही. तापात मेंदू स्वतःच उष्णता वाढवतो, तर उष्माघातात कासराच हातातून सुटलेला असतो.

फवारणी करणाऱ्याला मात्र घामाबरोबर लाळ आणि डोळ्यांतून पाणी येत असेल, बाहुल्या बारीक झाल्या असतील, तर ती औषधाची विषबाधा असू शकते. औषधाचा डबा सोबत घेऊन तत्काळ ग्रामीण रुग्णालय गाठावे.

कोणी म्हणेल, “अहो, आमचे आजोबा जन्मभर उन्हात राबले, त्यांना कुठं काय झालं? खिशात कांदा ठेवला की झालं!” कांदा भाकरीसंगे खावा, चांगला आहे. खिशातला कांदा अंग थंड करत नाही. आणि आजोबा पहाटे वावरात जात, ऊन चढायच्या आत निंबाखाली येत, हेही आठवावे.

एवढे ध्यानात ठेवा

१. जड काम सकाळी ११ च्या आत आणि दुपारी ४ नंतर करावे.

२. उन्हाची सवय लागायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्या मजुराला, शहरातून परतलेल्या पोराला पहिल्या दिवशी पूर्ण दिवस राबवू नये.

३. सैल सुती कपडे आणि डोक्याला ओला दुपट्टा असावा.

४. पाणी गोडे न्यावे, तहानेआधी प्यावे.

५. एकट्याने काम करू नये. सोबत्याच्या बोलण्याचालण्याकडे लक्ष असावे.

६. बैलांनाही दुपारी सावली आणि पाणी द्यावे.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांना हे पत्रक दुपारच्या सुट्टीत वाचून दाखवावे, ही विनंती.