सिऊदची मदत आणि आपलं "बसेदेर"



गेल्या काही महिन्यांत शब्बातची प्रार्थना संपल्यावर सिनेगॉगच्या अंगणात तीन-चार बायकांनी मला एकच प्रश्न विचारला. "सिस्टर, ते सिऊदचं काय असतं? ते आपल्याला मिळतं का, की फक्त गरिबांना?" एक आजी तर म्हणाल्या, "नको गं बाई, सरकारकडे कशाला हात पसरायचा? आजवर कुणाकडे काही मागितलं नाही."

म्हणून आज हे सविस्तर लिहिते आहे. मी चौतीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. कायद्याची माणूस नाही, पण पेशंट घरी गेल्यावर पुढे काय होतं ते खूप जवळून पाहिलं आहे.

हे पैसे कुणाचे?

सिऊद म्हणजे शुश्रूषा, माणसाची रोजची काळजी. बितुआख लेउमी ही योजना चालवते. म्हातारपणी अंघोळ, कपडे, जेवण, घरातल्या घरात चालणं अशा गोष्टींना दुसऱ्याची मदत लागू लागली, की माणसाला त्याच्या स्वतःच्या घरीच मदत मिळावी हा तिचा हेतू.

आता ती हात पसरण्याची गोष्ट. तुम्ही कारखान्यात होता, ऑफिसात होता, बंदरावर होता. दर महिन्याला हातात तलुश, म्हणजे पगाराची चिठ्ठी, यायची. त्यात बितुआख लेउमीची एक ओळ असायची आणि तेवढे पैसे कापलेले असायचे. त्या एका ओळीतच म्हातारपणाचं पेन्शन, अपघात, बेकारी आणि सिऊद असे सगळे विमे असतात. सिऊदचा वाटा वेगळा छापत नाहीत, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. शंभर शेकेलमागे काही अगोरोत एवढाच तो वाटा. मालकही थोडे भरतो, सरकारही घालतं. ही कपात १९८० पासून सुरू झाली आणि लोकांना प्रत्यक्ष मदत मिळायला लागली एप्रिल १९८८ पासून.

त्याआधीचे दिवस मला आठवतात. लकवा झालेली माणसं बरी होऊनही वॉर्डात पडून असत, कारण घरी त्यांना उठवणारं कुणी नसे. सून कामावर, मुलगा मिलुईमला. नंतर हळूहळू ती घरी जाऊ लागली, कारण घरी मदतनीस बाई येणार हे ठरलेलं असायचं.

तेव्हा ही खैरात नाही. विमा आहे आणि हप्ता तुम्ही भरलेला आहे.

"पण मी तर कधी नोकरी केली नाही, मी घरीच होते," असं काही बायका म्हणतात. लग्न झालेली, घर सांभाळणारी बाई या विम्यात येते, तिने एक अगोराही भरलेला नसला तरी. आणि उतारवयात अलिया केल्यामुळे ज्यांना म्हातारपणाच्या विम्यात घेतलं गेलं नाही, त्यांनाही सिऊदचा विमा लागू होतो. हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही.

कोणाला मिळतं?

निवृत्तीचं वय झालेलं असावं. पुरुषांसाठी ते ६७ आहे. बायकांसाठी ते ६२ वरून हळूहळू ६५ पर्यंत वाढत आहे आणि जन्मतारखेवर अवलंबून आहे. माणूस स्वतःच्या किंवा मुलांच्या घरी राहणारा असावा. शुश्रूषा केंद्रात भरती झालेल्यांची व्यवस्था वेगळी, ती आरोग्य मंत्रालयाकडे.

उत्पन्नाची अट आहे, पण ती वाटते तेवढी कडक नाही. एकट्या माणसाचं उत्पन्न देशातल्या सरासरी पगाराएवढं किंवा कमी असेल तर पूर्ण मदत मिळते. त्यापुढे सरासरीच्या दीडपटीपर्यंत अर्धी. जोडप्यासाठी हेच आकडे दीडपट आणि सव्वादोनपट आहेत. मुलांचा पगार यात मोजत नाहीत. "माझा मुलगा हायटेकमध्ये आहे, मला कोण देणार?" असं म्हणून घरी बसू नका.

आणखी एक घोळ. कुपात खोलीममार्फतही एक सिऊद विमा असतो. त्याचा हप्ता वेगळा, कंपनी वेगळी, फॉर्म वेगळा. तो असला तर चांगलंच, पण तो असो वा नसो, बितुआख लेउमीचा हक्क स्वतंत्र आहे. दोन्हीकडे अर्ज करता येतो.

माझ्या वन्संची गोष्ट

खरी अडचण कायद्यात नाही, आपल्या स्वभावात आहे. माझ्या मोठ्या नणंदेची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच.

वन्सं दिमोनाला एकट्या राहतात. कापडाच्या कारखान्यात मशीनवर उभं राहून त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. ८३ व्या वर्षी त्यांच्या मुलीने सिऊदचा अर्ज भरला. तपासणीला एक बाई येणार म्हणून मीही तिथे गेले होते. वन्सं खुर्चीवर बसलेल्या, कडक इस्त्रीची साडी, केसांना तेल. बाई आली. शांत स्वभावाची होती, नीट विचारत होती.

"अंघोळ स्वतः करता?"
"बसेदेर."
"कपडे?"
"बसेदेर."
"रात्री टॉयलेटला जायला त्रास?"
"हाकोल बसेदेर, बारूख हाशेम."

वर उठून चहा करून आणला. मी उठायला गेले तर डोळ्यांनीच मला बसवलं. आणि मी बसले. इतकी वर्षं नर्स असूनही गप्प बसले, कारण मोठ्या नणंदेची घरातली गोष्ट परक्या बाईसमोर कशी काढायची?

अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. पत्रात चूक नव्हती. त्या बाईने जे पाहिलं आणि ऐकलं, तेच लिहिलं.

पत्र आल्यावर मी वन्संजवळ बसून एकेक विचारलं. तीन आठवडे त्या अंबात्यात उतरल्याच नव्हत्या. पाय घसरेल म्हणून सिंकजवळ उभं राहून ओल्या टॉवेलने अंग पुसत होत्या, आणि त्यालाच अंघोळ म्हणत होत्या. परकराची नाडी बोटांनी बांधता येत नाही म्हणून रोज गाऊन. त्या दिवशीची साडी शेजारच्या मुलीने नेसवली होती. रात्री संडासपर्यंत पोचता येणार नाही या भीतीने संध्याकाळी चारनंतर पाणी पीत नव्हत्या.

मी म्हटलं, "वन्सं, हे सगळं त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

म्हणाल्या, "अगं, पाहुणी आली होती. पाहुण्यासमोर रडगाणं गायचं का?"

दोन महिन्यांनी पहाटे त्या पडल्या, मनगट मोडलं. मग नवा अर्ज केला. या वेळी मी आधीच बजावलं की येणारी पाहुणी नाही. वॉर्डात डॉक्टर राउंडला येतात तशी ती येते. डॉक्टरला आपण दुखत असताना "दुखत नाही" म्हणतो का? वन्संनी खाली मान घालून पहिल्यांदा म्हटलं, "लो बसेदेर." त्यांना दुसरी पातळी मिळाली. आता आठवड्याला १० तास मेतापेलेत येते.

ते मनगट माझ्या गप्प बसण्यामुळे मोडलं, असं मला अजून वाटतं.

तपासणीच्या दिवशी

तपासायला येणारी व्यक्ती नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असते. ती पाहते की अंघोळ, कपडे, खाणं, घरात चालणं आणि शौच-लघवी यांत तुम्हाला किती मदत लागते. आजारांची नावं किती यापेक्षा हात-पाय काय करू शकतात याला महत्त्व आहे. विसरण्याचा आजार असेल, गॅस चालू राहत असेल, माणूस घराबाहेर भटकत असेल, तर लक्ष ठेवण्याची गरजही मोजली जाते. म्हणून:

१. मुलगी, सून, शेजारीण, जी रोजची हकीकत जाणते तिला जवळ बसवा. हिब्रू अडखळत असेल तर हे फारच जरुरीचं.

२. नेहमीच्याच कपड्यांत बसा. त्या दिवशी चहा दुसऱ्याला करू द्या.

३. वाईट दिवशी काय होतं तेही सांगा. "कधी कधी जमतं" म्हणजे जमतं असं नव्हे. पण खोटं सांगू नका, वाढवूनही सांगू नका.

४. पडल्याच्या तारखा, हॉस्पिटलची पत्रं, औषधांची यादी एका फाइलीत ठेवा.

५. लघवी सुटते हे सांगायची लाज वाटते, मला माहीत आहे. नर्सला त्यात नवीन काही नसतं. तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर लिहून द्या.

ज्यांचं वय ८० पूर्ण आहे, त्यांना घरच्या तपासणीऐवजी सार्वजनिक हॉस्पिटलच्या किंवा कुपात खोलीमच्या वृद्धरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेता येते.

काय मिळतं?

नोव्हेंबर २०१८ पासून सहा पातळ्या आहेत. आठवड्याचे तास असे: पहिली ५.५, दुसरी १०, तिसरी १७, चौथी २१, पाचवी २६, सहावी ३०. परदेशी मेतापेलेत ठेवली तर वरच्या पातळ्यांवर तास थोडे कमी होतात. पहिल्या पातळीवर सगळी मदत रोख घेता येते. पुढच्या पातळ्यांवर एक तृतीयांशपर्यंत रोख आणि बाकीचे तास. काही तासांच्या बदल्यात डे सेंटर, डायपर, किंवा पडल्यावर दाबायचं संकटाचं बटनही घेता येतं. एकटं राहणाऱ्याने बटनाचा विचार जरूर करावा.

मेतापेलेत सिऊद कंपनीमार्फत येते. ती तुमच्यासाठी आहे, साऱ्या कुटुंबाची मोलकरीण नव्हे. तुमची अंघोळ, तुमचं जेवण, तुमची खोली, तुम्हाला डॉक्टरकडे नेणं, हे तिचं काम. तिच्याशी चांगलं वागा, पण आली त्याच तासांवर सही करा. वन्संकडे पहिल्या कंपनीची बाई दोन तासांऐवजी सव्वा तासात निघून जायची आणि वन्सं बिचाऱ्या "बसेदेर" म्हणून सही करायच्या! मुलीने तक्रार केली, कंपनी बदलली. कंपनी बदलणं हाही तुमचा हक्क आहे.

नाही म्हटलं तर?

पत्र फेकू नका. फेरविचार मागता येतो, अपील करता येतं, आणि अपिलाची मुदत पत्रातच लिहिलेली असते. तब्येत बिघडली तर नवा अर्ज किंवा पातळी वाढवण्याची विनंती करा. हॉस्पिटलातून घरी येताना तात्पुरती मदतही मागता येते. तिथल्या ओवेदेत सोत्स्यालीतला डिस्चार्जच्या आधीच विचारा. हक्क अर्ज दिल्यावरच सुरू होतो, मागच्या महिन्यांचं कुणी देत नाही, म्हणून उद्यावर ढकलू नका. माहितीसाठी बितुआख लेउमीचा फोन *६०५०. तिच्या शाखांमध्ये ज्येष्ठांना सल्ला देणारे स्वयंसेवकही बसतात. त्यांतले बरेच आपल्यासारखेच निवृत्त.

आणि मुलांनो, सुनांनो, तुम्ही हे आई-वडिलांना वाचून दाखवत असाल तर एवढं करा. वाचून झाल्यावर फोन बाजूला ठेवा आणि हळूच विचारा, "आई, अंघोळ कशी करतेस?" "बसेदेर" असं उत्तर आलं तर पुन्हा एकदा विचारा.

सर्वांना चांगलं आरोग्य लाभो, १२० वर्षांपर्यंत. शब्बात शालोम.